नातीचं ‘लवकर’

माझ्या नातीच्या मराठीत वेगाला एकच शब्द आहे, लवकर. गाडी लवकर आहे, वायफाय लवकर नाही, आजी तू फार लवकर बोलतेस. भरभर, जोरात, झपाझप, सगळे शब्द मी तिच्यापुढे ठेवून पाहिले, पण तिला ते नकोतच. जन्म इथला, यॉर्कशरमधला. बाप इथलाच, गोरा, आणि आई म्हणजे माझी मुलगी, दिवसभर फार्मसीत. माझ्या तोंडून जेवढी कानावर पडली तेवढी तिची मराठी. त्यात “माझी बूट कुठे आहे?” हेही चालतं. मी एकदा सुधारते, दुसऱ्यांदा मुकाट बूट शोधून देते.

हे बूट रग्बीचे. रग्बी लीग, तेरा जणींची. पंधरा जणांची ती दुसरी रग्बी, तिचं आमच्या व्याह्यांसमोर नावही काढायचं नाही. व्याही म्हणजे नातीचे दुसरे आजोबा. तरुणपणी आठवडाभर कोळशाच्या खाणीत आणि सुट्टीला रग्बीच्या मैदानात. नाक तीनदा मोडलेलं. मला ते ‘लव्ह’ म्हणतात. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा आमचे हे होते, त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग कळलं की व्याही बसच्या ड्रायव्हरलाही लव्हच म्हणतात, तेव्हा कुठे यांनी कप उचलला.

तर नात फुलबॅक आहे. म्हणजे सगळ्या टीमच्या मागे एकटी उभी. समोरच्यांनी बॉल उंच मारला की तो झेलायचा, आणि बाकीच्यांना चुकवून कोणी आलीच तर तिला अडवायचं. हिच्या मागे कोणी नाही. दहाव्या वर्षापासून ती तिथेच उभी आहे, दुसरी जागा तिला माहीत नाही.

या वर्षी ती सोळाची झाली आणि मोठ्या क्लबच्या मुलींच्या अकॅडमीची ट्रायल आली. फुलबॅकची जागा एक, आल्या चौघी. सकाळी पळण्याची टेस्ट. दोन खांबांमधून जोरात पळत जायचं, घड्याळ आपलं आपण चालू होतं आणि बंद होतं. नात चौघींत शेवटची आली. थोडक्यात नाही, चांगली शेवटची.

कुंपणाशी येऊन ती पाणी प्यायली. मग माझ्याकडे न बघता, व्याह्यांना कळू नये म्हणून मराठीत म्हणाली, “आजी, मी लवकर नाही.”

त्या वेळी मी शब्द सुधारला नाही.

व्याह्यांना कळायचं काय राहिलं होतं? घड्याळ त्यांनाही दिसत होतं. ती परत गेल्यावर मला म्हणाले, झेलायला शिकवता येतं, अडवायला शिकवता येतं, पण पाय जन्माला येतानाच आणावे लागतात. मी म्हटलं, पाय आमच्या बाजूने आले असणार, माझ्या माहेरी कोणी धावून एसटी पकडलेली नाही. एरवी ते हसले असते. पोरगी मनातून किती खचली असेल हे आम्हा दोघांनाही कळत होतं, त्यामुळे फ्लास्कमधला चहा तसाच राहिला.

मग ट्रायलला आलेल्या सगळ्याच मुलींची आपसात मॅच लावली. आता मला रग्बीतलं कितीसं कळतं? पण मी चौदा वर्षं इथल्या एका शाळेसमोर लॉलीपॉप लेडी होते. काठीवर गोल पाटी घेऊन रस्त्याच्या मधोमध उभं राहायचं, गाड्या थांबवायच्या, मुलांना पलीकडे न्यायचं. माझं शिक्षण सातवीपर्यंत, साताऱ्याला. इंग्रजी मी रस्त्यावर शिकले, आणि हे मी अगदी खरं सांगतेय. तर त्या कामात एक कळलं होतं. आईचा हात सोडून कोणतं पोर रस्त्यात झेपावणार, हे त्याच्या खांद्यावरून आधी दिसतं. मी कधी पळाले नाही. तो जाड पिवळा कोट घालून पळणार तरी कशी! पण पोर निघायच्या आधी मी एक पाऊल तिकडे टाकलेलं असायचं.

म्हणून त्या दिवशी सगळे बॉलकडे बघत होते आणि मी नातीकडे. ती सारखी बोलत होती, पुढच्यांना इकडे सरका, तिकडे सरका सांगत होती. घरात मीठ मागतानासुद्धा जिचा आवाज निघत नाही, ती. आणि समोरची मुलगी बॉल मारायला पाय उचलायच्या आधीच ही हळूच डावीकडे चालू लागलेली असायची. बॉल खाली आला की ही तिथे, हात पुढे करून. पलीकडच्या टीमची फुलबॅक सकाळी पहिली आलेली. काय सुंदर पळायची! पण ती पोचेपर्यंत बॉल टप्पा खाऊन भलतीकडे.

एकदा मात्र समोरची एक मुलगी सगळ्यांना चुकवून सुटली. वाऱ्यासारखी. नात तिच्या मागे लागलीच नाही. ती तिरकी निघाली, मैदानाच्या कोपऱ्याकडे, आणि त्या मुलीला कडेकडेला रेटत शेवटी रेषेबाहेर ढकलून दिलं. व्याही कुंपणावरून पुढे वाकले. मग म्हणाले, “हे मी तिला शिकवलेलं नाही, लव्ह.”

पण घड्याळ ते घड्याळ. घरी येताना गाडीत नात म्हणाली, फुलबॅक नाही तर रग्बीच नको. त्यानंतर पाच दिवस ती ताटातलं नुसतं चिवडत होती. मुलीने विषय काढला की उठून जायची. मी देवापुढे काही मागितलं नाही असं म्हणणार नाही.

गुरुवारी दुपारी मी आमटीला फोडणी देत होते आणि फोन वाजला. नात, शाळेच्या बसस्टॉपवरून.

“आजी, कोच म्हणाली मी लवकर आहे.”

मी विचारलं, “म्हणजे घड्याळ बिघडलं होतं का गं?”

“नाही, घड्याळ बरोबर. मी फास्ट नाही. मी लवकर. अर्ली, आजी! मी तिकडे आधी असते.” मग जरा थांबून, “मला घेतलं.”

मी गॅस बंद केला आणि तिथेच स्टुलावर बसले. पाच दिवस छातीवर ठेवलेलं काहीतरी कोणीतरी उचलून नेलं होतं. कोचने आणखीही सांगितलं होतं. पुढे समोर जास्त वेगवान मुली येतील, तेव्हा वेगही लागेल, त्यावर रोज मेहनत करावी लागेल. ती करून घेता येते. बॉल पडायच्या आधी जागा दिसणं, ते मात्र त्यांना कोणाला देता येत नाही.

व्याह्यांना मीच कळवलं. त्यांनी आधी ते तीनदा मोडलेलं नाक जोरात शिंकरलं. मग म्हणाले, पायांचं मी म्हटलं ते अगदीच चूक नव्हतं. नव्हतंच, मी म्हटलं, पण पुरतं बरोबरही नव्हतं. मग त्यांनी तो ‘लवकर’ शब्द मागून घेतला. मी फोनवर चारदा म्हणून दाखवला.

आता दर मॅचला ते कुंपणाशी उभे राहून घसा फुटेस्तोवर “लॉकर! लॉकर!” ओरडतात. मागच्या खेपेला एका भल्या माणसाने त्यांना कपडे बदलायची खोली कुठे आहे ते दाखवलं.