करवलीचा दिवा आणि नायलॉनचे केस

नागापूरच्या एमआयडीसीत मी नऊ वर्षं फरसाणाच्या पिशव्या चिकटवल्या. पिशवीचं तोंड तापलेल्या पट्टीखाली धरायचं, पायाने दाबायचं, मनात 'एक, दोन' म्हणायचं आणि सोडायचं. दोनच्या आधी सोडलं तर पिशवी उघडते, तीनपर्यंत थांबलं तर प्लास्टिक वितळून पट्टीला चिकटतं. पुढे भिंगारला राहत्या घराच्या पुढच्या खोलीत एका खुर्चीचं पार्लर टाकलं आणि नायलॉनचे केस जोडायला शिकले, तेव्हा हेच 'एक, दोन' उपयोगी पडलं. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "आधी कुठे केलंय का हे?" मी म्हटलं, "केलंय की. फरसाणाला."

आमच्या आयांचं काम सोपं होतं. गंगावन वेणीत गुंफलं की झालं. पण डोक्यात चाई पडून केसांचे पुंजकेच्या पुंजके गेलेले असले, तर गंगावन धरायला काही उरतच नाही. मग चाईच्या कडेचे बारीक पेड घ्यायचे, त्यात नायलॉनची बट गुंफायची, वरून नायलॉनचेच चार धागे घट्ट गुंडाळायचे आणि तेवढीच जागा गरम चिमट्यात धरायची. नायलॉन वितळून तिथे मण्यासारखा जोड बसतो, आतला खरा केस तसाच राहतो. चिमटा फार तापला तर खरा केसही जातो, कमी तापला तर बट सकाळी उशीवर सापडते. म्हणून मी आधी टाकाऊ बटेवर ताव बघते. वेणीच्या टोकांना मात्र चिमटा लागत नाही. ती मेणबत्तीला नुसती दाखवायची आणि ओल्या बोटांच्या चिमटीत दाबायची. बोटं कोरडी राहिली तर तोंडातून काय निघेल ते सांगवत नाही.

माझी थोरली बहीण पुणतांब्याला दिलेली आहे. तिच्या लेकीचा साखरपुडा झाला आणि महिन्याभरात पोरीच्या डोक्यात तीन ठिकाणी चाई पडली. रुपयाएवढी होती ती तळहाताएवढी झाली. केस परत येतील असं डॉक्टर म्हणत होते, कधी ते सांगत नव्हते. बहीण तिला घेऊन माझ्याकडे आली, आत येताच दार लावून घेतलं आणि म्हणाली, "काय बी कर, पन लगीन व्हईपर्यंत कुनाला कळता कामा नये. हिची सासू लई कडक हाय. केस बघून पसंत केलीय तिनं."

"अगं, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? सांगून मोकळी हो."

"तू नगं शिकवू. लगीन मोडलं तर दुसरं स्थळ तू आननार हायस का?"

भाची खुर्चीत बसली होती, आरशाकडे न बघता. बहीण पाणी प्यायला आत गेली तेव्हा ती हळूच म्हणाली, "मावशी, त्यांना मी सांगितलंय. ते म्हनले, मला चालतंय. पन त्यांच्या आईला तूच सांग म्हनले."

वा रे शूरवीर, मी मनात म्हटलं. आणि ज्या बाईला मी एकदाही पाहिलं नव्हतं, त्या सासूचा मला सणकून राग आला. त्या रागातच मी कामाला लागले. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी सुरुवात केली ती दुपारी उन्हं कलल्यावर हात थांबला. चाळीसेक जोड बसवले. कमरेपर्यंत वेणी झाली, तेव्हा कुठे पोर आरशाकडे बघून हसली.

आता भीती होती ती आगीची. नायलॉनला विस्तव सोसत नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? भाचीला मी दहा वेळा बजावलं, होमापाशी वेणी पुढे घेऊन मांडीखाली दाबायची, लाह्या टाकताना वाकायचं नाही. भटजींनाही म्हटलं, होम जरा बेताचाच पेटवा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तिथून सटकलेच.

मुलीच्या आईने मंगलाष्टकं ऐकायची नसतात, म्हणून बहीण तुळशीपाशी जाऊन बसली. राखणीला मी एकटी. नवरीच्या पाठीशी उभी राहिले आणि बघते तर शेजारी करवली येऊन उभी. भाचीची चुलतबहीण. तिच्या हातात ताटली, ताटलीत पेटलेला दिवा. जन्मभर प्रत्येक लग्नात नवरीच्या मागे हा दिवा बघितला होता, आणि होम होम करत बसले त्यात तोच साफ विसरले होते.

"जरा मागे सर गं," मी म्हटलं.

"मावशी, मग फोटोत कशी येनार मी?"

तिला बिचारीला काही ठाऊक नव्हतं आणि भर मांडवात सांगायची सोय नव्हती. शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या आणि मागची गर्दी पुढे लोटली. करवलीचा हात हलला. आधी आला तो वास, नऊ वर्षं नाकात बसलेला. वेणीच्या टोकाशी पिवळी ज्योत दिसली. पाणी कुठलं आणि काय, मी कोरड्या बोटांनीच टोक चिमटीत धरलं. एक, दोन. विझलं.

मान वर केली तर नवरदेवाची आई शेजारीच उभी. सुनेचा पदर सारखा करायला आली होती. तिने वेणीचं टोक पाहिलं, माझी बोटं पाहिली. मग करवलीच्या हातातली ताटली घेतली आणि दिवा स्वतः धरून चार हात लांब जाऊन उभी राहिली.

पुढचे दोन तास मला काही सुचलं नाही. होम झाला, सप्तपदी झाली. आता ही बाई चारचौघांत तोंड उघडणार आणि पोरीची मान खाली जाणार, एवढंच डोक्यात फिरत होतं. पंगती उठल्यावर ती खरंच माझ्याकडे आली.

"इहीनबाई, हात बघू."

दोन बोटांना टरटरून फोड आले होते, त्यावर काळं नायलॉन चिकटलेलं.

"खरा केस पेटला तर मानूस झटकतं, फुंकर मारतं. तुमी चिमटीत दाबला. तवाच कळलं मला. काय झालंय पोरीला?"

मी सगळं सांगितलं. पोरीचा काही दोष नाही, हे तर तीनदा सांगितलं.

"केस बघून पसंत केली म्हनं मी? साखरपुड्याला चार शब्द कौतुकाचं बोलले, तर तेच धरून बसल्या व्हय?" मग म्हणाली, "ते काढूनच पाठवा तिला. डोईवर पदर घिऊन निघंल. आमच्या घरावर पत्रा हाय, लई उकडतं. एवढं ओझं घिऊन पोर झोपंल कशी?"

बहिणीला सांगितलं तर ती तिथेच पायरीवर बसली आणि हमसून रडली. मलाही रडू आलं. न पाहिलेल्या बाईवर मी मनातल्या मनात चरफडले होते, त्याची लाज वाटली.

नवरीच्या खोलीत जाऊन आम्ही दार लावलं. जोड काढताना मणी पक्कडीने दाबून फोडावा लागतो, मग बट अलगद सुटते. पण फोड आलेल्या बोटांनी मला पक्कड दाबता येईना. सासूने ती माझ्या हातातून घेतली. म्हणाली, "दावा, कुठं दाबायचं."

मी दाखवलं. भाची पाठ करून, अंग चोरून बसली होती. सासूने पहिला मणी फोडला, बट बाजूला ठेवली आणि उघड्या पडलेल्या चाईवर हात ठेवून विचारलं, "दुखतंय का गं?"