साल्हेरला कोण जाणार, ते अक्का ठरवायच्या

इंदूअक्का ट्रेकसाठी माणसं निवडायला त्यांच्या घरी जेवायला जायच्या. पळून दाखवा नाही, दंड बघू नाही, डॉक्टरचा दाखला नाही. "जेवायला बोलवा," एवढंच म्हणायच्या. येऊन पंगतीत बसायच्या, निमूट जेवायच्या आणि घरातल्या पुरुषाला पाणी हवं झालं की तो काय करतो, ते बघायच्या. उठून घेतलं तर पास. बसल्या जागेवरून "अगं, पाणी" अशी हाक मारली तर नापास, मग तो धुळ्यातला कितीही मोठा पैलवान असो. कुणी दिला होता त्यांना हा अधिकार? मी याला आगाऊपणा म्हणायचे. अजूनही म्हणते. त्या गेल्या म्हणून माझा राग गेलेला नाही.

सरकारी दवाखान्यात त्यांनी उभा जन्म सिस्टर म्हणून काढला होता. बुटक्या, काळ्यासावळ्या, डोंगरावर पुरुषी शर्ट आणि सलवार घालणाऱ्या. एरवी अहिराणी बोलायच्या आणि फार रागावल्या की एकदम शुद्ध मराठी. वॉर्डातल्या बाया म्हणे त्यांची अहिराणी ऐकून निश्चिंत व्हायच्या. निवृत्तीनंतर दर हिवाळ्यात त्या सात-आठ जणांना घेऊन चार दिवस साल्हेर-सालोटा-मुल्हेरच्या डोंगरांत जात. कड्यातल्या पायऱ्या, पाठीवर सगळा संसार आणि पाणी फक्त खडकात खोदलेल्या टाक्यांत. त्यांचं एकच सांगणं असायचं, "पाय मोडेल मानूस खाले उतरस. पन ज्याले सोताना हातवर पानी लेवानी सवय नही, तो दुसरानी बाटली रिकामी करस. असा मानूस माले डोंगरमा नको."

आमच्या शाळेच्या गच्चीवरून लळिंगचा किल्ला दिसतो. मी तिथं शिकवायला लागल्यापासून रोज तो बघत होते आणि त्याच्या कितीतरी पलीकडचा साल्हेर मनात धरून होते. लग्न, मुलगी, सासूबाईंचं आजारपण, सगळं झालं आणि शेवटी मी अक्कांकडे नाव दिलं. आमच्या ह्यांनीही दिलं. हे बँकेत अधिकारी, रोज पहाटे पळणारे. नाव दिल्याच्या आठवड्यात भारीतले बूट आणि सॅक घेऊन आले. अक्का जेवायला येणार म्हणून मी वरण-बट्टी केली, घोटलेली वांग्याची भाजी केली. हे जेवायला बसले ते माठाला पाठ लावून. नुसता हात मागे केला असता तरी पेला भरला असता. मी बट्ट्या तळत होते. ह्यांनी स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली, "वैशाली, पाणी!"

अक्कांनी बट्टी चुरता चुरता मान वर केली. "भाऊ, माठ तुमना पाठलेच शे ना?"

हे हसले. त्यांना वाटलं, म्हातारी गंमत करतेय. अक्कांनी शांतपणे जेवण संपवलं, वरून तूप मागून घेतलं, हात धुतला आणि दारात चपला घालताना ह्यांच्यासमोरच मला म्हणाल्या, "पोरी, तू चाल. भाऊ नको." आणि गेल्या. मागे घरात काय पेटलं ते बघायला थांबल्या नाहीत.

"आपल्या घरात बसून, आपलं तूप खाऊन ती बाई मला नापास करते?" ह्यांचा आवाज शेजारी पोचला असेल. मग म्हणाले, "मी नाही तर तूही नाही." मला दोघांचाही संताप आला होता. दुसऱ्या दिवशी मी अक्कांच्या घरी जाऊन भांडले. कुणाच्या संसारात असं तोंड घालतात का? त्यांना घेत नसाल तर निदान मला एकटीला तरी सांगायचं होतं. अक्का गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी डोंगरनं देखस. तुनं घर तू देख." या एका वाक्यासाठी मी त्यांना कधी माफ केलं नाही. पण घरी येऊन मी ह्यांना सांगितलं की मी जाणार. ते माझ्याशी बोलायचे बंद झाले आणि त्या शांततेत मी तयारी केली.

तयारी म्हणजे छळ होता. दर रविवारी गव्हाची पिशवी पाठीला बांधून लळिंग चढायचा. नंतर अक्कांच्या अंगणात सतरंजीवर प्रत्येकाची सॅक उलटी करायची. जास्तीची साडी, पावडरचा डबा, फरसाणाच्या पिशव्या त्या सरळ बाजूला भिरकावायच्या. आमच्यातले हमीदभाई कापडाचे व्यापारी, घरी स्वतःचा चहा स्वतः करणारे म्हणून पहिल्या झटक्यात पास झालेले. त्यांनी उशी आणली होती. अक्का म्हणाल्या, "हमीदभाई, बठ्ठं दुकानच ली चालानं का?" हमीदभाईंनी उशी मुकाट्याने घरी पाठवली. अक्कांचा नियम साधा होता. आपलं ओझं आपण न्यायचं, आपलं पाणी आपण भरायचं, डोंगरावर कुणी कुणाचा नोकर नाही.

आणि मी काय केलं? साल्हेरच्या गुहेत पहिला मुक्काम पडला तशी मी उठले आणि सगळ्यांच्या बाटल्या गोळा करून टाक्यावर गेले. कुणी सांगितलं नव्हतं. पुरुष थकून पडले होते, माझेही पाय भरून आले होते, तरी उठले. खिचडी मी ढवळली, मी वाढली, सगळ्यांचं झाल्यावर गार झालेली मी खाल्ली. दुसऱ्या मुक्कामीही तेच. स्वतः उठून पाणी घेणारे, पास झालेले सगळे पुरुष "राहू द्या हो, मॅडम" म्हणाले आणि बाटल्या पुढे करत राहिले. अक्का पुढच्या वाटेची पाहणी करायला गेलेल्या असत; परतेपर्यंत सगळं उरकलेलं असे. त्यांच्या हे ध्यानात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सालोट्याच्या पायऱ्या उतरताना माझ्या थकलेल्या मांड्यांनी दगा दिला. पाय सुटला. हमीदभाईंनी सॅकचा पट्टा धरला म्हणून मी वर राहिले. खाली नुसती दरी होती. अक्का माझ्यापाशी आल्या, माझ्या मांड्या दाबून पाहिल्या आणि दोन दिवस काय चाललं होतं ते हमीदभाईंकडून ऐकलं. मग त्या शुद्ध मराठीत बोलल्या. "सगळ्यांच्या बाटल्या भरायला तुला कोणी सांगितलं होतं? तुला इथे मोलकरीण म्हणून आणलं आहे का? आत्ता गेली असतीस!"

मीही भडकले. म्हटलं, "तुम्हीच निवडून आणलंत ना? माझ्या घरी जेवायला बसलात, तेव्हा माझा नवरा तेवढा दिसला. मी ताटावरून किती वेळा उठले, बसलेच नाही, ते दिसलं नाही? तूप मागितलंत तेव्हा कोण उठलं होतं?"

कड्याच्या त्या अरुंद पायरीवर आम्ही दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो. मग अक्का म्हणाल्या, "मनी परीक्षा अर्धी व्हती." माफी नाही, काही नाही. त्या मुक्कामी त्यांनी मला दगडावर बसवलं, दोन्ही हात मांडीखाली दाबायला लावले आणि पुरुषांकडून स्वयंपाक करवून घेतला. हमीदभाईंनी मला पहिलं ताट वाढलं. ते घेताना मला हुंदका फुटला, इतकी मी चिडले होते. पुरुषांवर, अक्कांवर आणि मांडीखालून सारखे बाहेर येणाऱ्या माझ्या हातांवर.

त्यानंतर अक्का जेवायला गेल्या की घरातल्या बाईलाही शेजारी बसवून घ्यायच्या. पंगतीत जी एका जागी बसून पोटभर जेवू शकत नाही, तिला म्हणायच्या, "पुढला साल ये. तवलोंग बसाले शिक." किती बायका रडल्या, किती घरांत भांडणं लागली, याची त्यांनी पर्वा केली नाही. त्यांच्याएवढी उद्धट बाई मी पाहिली नाही. मात्र मुल्हेर आणि मोरागड मी त्यांच्या मागोमाग, माझं एकटीचं ओझं घेऊन चढले.

गेल्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. कावीळ झाली, अंगावर काढली, दवाखान्यात आयुष्य घालवलेल्या बाईने दवाखान्यात जायला उशीर केला. यावरही माझं त्यांच्याशी भांडण राहून गेलं आहे.

दिवाळी झाल्यावर त्यांच्या स्मरणार्थ ट्रेक काढायचा म्हणून काही मंडळी आमच्याकडे जमली. पुढाकार एका वकीलसाहेबांचा, ज्यांना अक्कांनी तीनदा नापास केलं होतं. त्यांनी बॅनर छापायचं ठरवलं, अक्कांचा फोटो निवडला, वाट कुठली घ्यायची ते ठरवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, जेवणाखाणाचं तुम्ही बघा. तुमच्या हाताला चव आहे."

मी म्हणाले, "वाट मी ठरवणार. जेवणाचं तुम्ही बघा. आणि अक्कांचा फोटो बॅनरवर लागणार नाही."

वकीलसाहेब हसले, मग हसायचे थांबले. चहा न घेता उठले आणि त्यांच्याबरोबर बाकीचेही. हमीदभाई आणि दोन बायका मागे राहिल्या. आम्ही चौघं जानेवारीत निघतोय.

हे सोफ्यावर बसून सगळं ऐकत होते. सगळे गेल्यावर म्हणाले, "चार दिवस म्हणजे... घरात तांदूळ कुठे असतात?" लग्नाला इतकी वर्षं झाली, हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं. मी सांगितलं नाही.