चौदाचं सतरा

आमच्या ऑफिसात कोड थोडा जमतो, किस्से मात्र पोत्याने. आता हेच बघा ना, एका ओळीवरून केवढं रामायण झालं!

अंबरनाथला, मोरिवलीच्या कारखान्यांना लागून आमची छोटी कंपनी आहे. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर आम्ही बनवतो. हा कंपायलर स्वतः सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला. त्या भाषेची कुठली आवृत्ती वापरायची, ते बिल्डच्या, म्हणजे सगळा कोड जुळवून प्रोग्रॅम तयार करण्याच्या, फाइलमधली एक ओळ ठरवते. तिथे होतं चौदा, म्हणजे २०१४ सालची जुनी आवृत्ती. बदलापूरची मेघना नवीन लागली आणि म्हणाली, "सर, सतरा करूया. एकच तर ओळ आहे!"

आमचे हेड भोईरसाहेब खुर्चीतून उठलेच. "चालतंय ना? मग हात लावायचा नाही!"

साहेब पालेगावचे. त्यांच्या भातशेतीवर टॉवर उभा राहिला, त्यातच ते वरच्या मजल्यावर मजेत राहतात. पण चौदाचं सतरा? छे!

*

मीटिंग झाली. त्या मीटिंगमध्ये काय ठरलं, हे ठरवायला दुसरी झाली. शेवटी साहेब म्हणाले, "कर बदल. पण एकाही मशीनवर बिल्ड फुटला, तर तू उद्यापासून सपोर्टच्या फोनवर!"

सपोर्ट म्हणजे दिवसभर गिऱ्हाइकांच्या शिव्या. तिथे गेलेला माणूस परत कोड लिहायला आलेला कुणी पाहिलेला नाही. मेघनाचा चेहरा उतरला, तरी ती म्हणाली, "चालेल, सर." मला तिचं फार कौतुक वाटलं.

*

मालक लखानीशेठ उल्हासनगरचे. त्यांचा प्रश्न एकच, "कस्टमरला काय फरक दिसणार?"

मेघना म्हणाली, "काहीच नाही, शेठ. बदल आतला आहे."

"अरे, तो बाहर से भी कुछ दिखाओ ना!"

चार दिवसांत उल्हासनगरहून चकचकीत स्टिकर छापून आले, 'न्यू व्हर्जन'. सॉफ्टवेअरच्या खोक्यांवर लागलेसुद्धा. आतली ओळ अजून चौदाच!

*

मग मेघना एकेकाला विचारत फिरली, सतरा केलं तर तुझं काही अडेल का? माझ्या शेजारी बसणाऱ्या सागरने इकडे तिकडे पाहिलं आणि तो हळूच म्हणाला, "माझ्या मशीनवर खाजगी सेटिंग करून मी केव्हाच सतरा टाकलंय. बोलू नको हां कुणाला."

ज्योतीने तेच सांगितलं. मीही. सगळे दिवसभर सतरात लिहायचे आणि संध्याकाळी सर्व्हरवर चढवायच्या आधी तेच चौदात उतरवत बसायचे. भाषांतराचं यंत्र बनवणारे आम्ही, भाषांतर हाताने करत होतो!

*

बदलाच्या दिवशी साहेबांनी फर्मान काढलं, "मेघना, सगळ्यांच्या खाजगी सेटिंग पुसून टाक. एकही मशीन सोडू नको. मग बघू तुझं सतरा!"

तिने एकही सोडलं नाही. ओळ बदलली. सागरचा बिल्ड झाला, ज्योतीचा झाला, माझा झाला. सर्व्हरही पास. शेठनी दाल पकवान मागवलं. तेवढ्यात साहेबांच्या केबिनमधून आवाज आला, "फुटला!"

मेघना पांढरीफटक पडली. आम्ही दोघं आत धावलो. स्क्रीनभर लाल अक्षरं, सगळी साहेबांनी स्वतः लिहिलेल्या, अजून सर्व्हरवर न चढवलेल्या कोडमधली. मेघनाने त्यांच्या मशीनवरची पुसलेली सेटिंग शोधून काढली. तिथे वीस होतं.

साहेबांनी उठून केबिनचं दार लावलं.

"मेघना, वीसच करता येईल का गं? एकच तर ओळ आहे."