वातींत वाळवलेली बॅटरी

त्या भाद्रपदात आमचा कॉलम, म्हणजे लष्कराची तुकडी, पूरबचावासाठी बिलोली तालुक्यात लागला होता. मी सिग्नलचा हवालदार, लातूरकडचा, मुरुडचा. बोटीवर नाईक दिगंबर, भोकरचा. आपल्याच मुलखात ड्युटी लागली म्हणून गडी खूश होता. सकाळी सहाला बोट पाण्यात, संध्याकाळी सहाला बाहेर. चार दिवस असेच गेले.

पाचव्या दिवशी आम्ही एका गावातल्या शेवटच्या घरी पोचलो. एक वाजून चाळीस मिनिटांनी बोट भरली. जागा उरली नाही म्हणून मी मागे थांबलो. माझ्यासोबत घरमालक शिवलिंगअप्पा, किराणा दुकानदार, आणि त्यांच्या पत्नी गंगाबाई. शेवटच्या म्हाताऱ्याला बोटीत चढवताना माझा पाय सटकला आणि मी गळ्यापर्यंत पाण्यात गेलो. वायरलेस सेट आणि जादा बॅटरी माझ्या एकाच पिशवीत होती. दोन वस्तू दोन माणसांकडे ठेवायच्या असा नियम आहे. मी आळस केला होता.

"चारला येतो, उस्ताद," दिगंबर म्हणाला. "अप्पाला चहा टाकायला लावा."

अडीचला सर थांबली तेव्हा छतावरून गावाबाहेरचा पूल दिसला. बाभळीचं मोठं खोड कठड्यात अडकलं होतं आणि पाणी त्याच्याखालून ओढ घेत होतं. बोट नेमकी त्याच वाटेने येणार. त्या ओढीत सापडली तर उलटणार. पश्चिमेच्या शेतावरून फिरून ये, एवढंच मला सांगायचं होतं.

मी सेट काढला आणि चालू केला. भिजलेला सेट चालू करून बघायचा नाही, आधी बॅटरी काढायची, हे नव्या जवानांना मीच घसा फोडून शिकवायचो. बॅटरी हातात गरम झाली आणि मेली. उरली ती जादा, तीही पाण्यातून निघालेली.

जिन्याच्या खोलीत आम्ही तिघं बसलो.

"चुलीपाशी ठिवा की साहेब. आर्ध्या घंट्यात वाळंल."

"फुटेल, अप्पा."

"मंग तांदळात घाला."

"तांदळात दिवस जातील! माझ्याकडे तास आहे." मी त्यांच्यावर ओरडलो. चूक माझी होती आणि राग त्यांच्यावर निघत होता.

घरात कोरडं फडकं उरलं नव्हतं. गंगाबाईंनी वरच्या फळीवरून पत्र्याचा डबा काढला. त्यांचा लक्ष वातींचा नेम होता. वर्षभर वळलेल्या वाती त्यात होत्या.

"ह्यो कापूस कोरडा हाय, भाऊ. चालंल का?"

"नेमाच्या आहेत, काकू."

"पुन्ना वळीन मी. घ्या तुमी."

आम्ही वाती उलगडल्या, बॅटरी पुसली, खाचांतलं पाणी टिपून घेतलं. गंगाबाई सुपाने वारा घालत राहिल्या. नियमाप्रमाणे दिवसभर तरी थांबायला हवं होतं. साडेतीनला मी बॅटरी सेटला लावली. हिरवा दिवा लागला. अप्पांनी हात जोडले. मलाही वाटलं, जमलं.

"रूफ, रूफ, बोट बोलतोय. ओव्हर." दिगंबरचाच आवाज. रूफ म्हणजे छतावरचा मी.

मी बोलायचं बटण दाबलं. दिवा विझला. बटण सोडलं, लागला. ऐकायला सेटला थोडी बॅटरी पुरते, बोलायला फार लागते. तेवढा जीव तिच्यात नव्हता.

"रूफ, घंटाभर झाला, जवाब न्हाई. उस्ताद, ठीक हाय ना? ओव्हर."

मी पुन्हा दाबलं. पुन्हा विझला.

"मी लवकर येऊन राहिलो. आउट."

आम्ही छतावर धावलो. अप्पांनी धोतर सोडून हलवलं. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. पण सर पुन्हा आली होती आणि बोट आम्हालाच जेमतेम दिसत होती. चारला वीस मिनिटं असताना ती पुलाशी पोचली आणि उलटली. सोबतच्या शिपायाच्या हाती कठडा लागला. दिगंबर दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला.

तेराव्यानंतर मी भोकरला त्याच्या घरी गेलो. वडील ओसरीवर बसले होते. शेवटी काय बोलला, असं त्यांनी विचारलं. मी शब्दन् शब्द सांगितला.

"मंग तुमी काय म्हनले?"

"काहीच नाही, काका. नुसतं बटण दाबत होतो." त्यांच्यासमोर मला रडू आवरलं नाही.

त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

"म्हंजी तुमी गेले, आसंच वाटलं आसंल त्याला."

"होय."

नाईक दिगंबर मला जिवंत समजून आला नव्हता. तो माझं प्रेत न्यायला आला होता, आणि तरीही घाई करून आला होता.