ढकलायचं, ओढायचं, थांबवायचं

सर्व्हिसच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. संध्याकाळी घरी येऊन पर्स रिकामी केली की तिच्यातून दोन-चार फालतू स्क्रू निघतात, तसेच तेही निघतात. कुठल्या मशीनचे ते आठवत नाही, पण टाकवतही नाहीत.

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, फ्रीगंज भागात आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. मालक खरेसर, फिटर युसुफभाई आणि इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेली मी, एवढाच स्टाफ. जे आपोआप हलायला हवं ते हलवायचं, हे आमचं काम. गेट, बॅरियर, पडदा, पेशंटचा पलंग. यातल्या प्रत्येकात एक ॲक्चुएटर असतो. हा शब्द ऐकला की गिऱ्हाईक बिचकतं. मग खरेसर त्याला ‘ऊर्जेचं यांत्रिक गतीत रूपांतर’ समजावू लागतात आणि गिऱ्हाईक घड्याळाकडे बघू लागतं. शेवटी युसुफभाई मध्ये पडतात.

“देखिए साहब, बिजली से मोटर घूमती है, मोटर से लंबा पेंच घूमता है. पेंच पे नट चढ़ा है. नट को घूमने नहीं देते, तो वो आगे-पीछे सरकता है. नट के साथ डंडा, डंडे के साथ आपका गेट. बाकी सब नाम के पैसे हैं.”

हे शेवटचं वाक्य त्यांनी गाळावं, असं खरेसरांना गेली कित्येक वर्षं वाटतं आहे.

*

माधव नगरात एका रिटायर्ड साहेबांकडे आम्ही गेट बसवलं. आठ दिवसांत त्यांची कंप्लेंट आली: “तुमचं गेट भित्रं आहे.”

जाऊन बघितलं तर गेट अगदी बरोबर चालत होतं. वाटेत काही आडवं आलं की मोटरवर जोर पडतो, ती जास्त करंट ओढते, आणि ते ओळखून गेट थांबतं, थोडं मागे येतं. कुणाचा हात चेंगरू नये म्हणून ही सोय असते.

“काल एक गाय उभी होती,” साहेब म्हणाले. “गेट तिला बघून मागे आलं. मी तीस वर्षं सर्व्हिसमध्ये कुणापुढे मागे आलो नाही.”

मी सेटिंग बदलायला नकार दिला. त्यांनी माझ्यासमोरच स्क्रूड्रायव्हर मागवला आणि जोराचा स्क्रू स्वतःच्या हाताने शेवटपर्यंत फिरवला.

पुढच्याच आठवड्यात त्यांचा फोन. गाडी बाहेर काढताना ते फोनवर बोलायला फाटकातच थांबले होते, आणि खिशातल्या रिमोटवर काहीतरी दाबलं गेलं. गेट न थांबता मिटलं आणि नव्या गाडीचं दार आत गेलं. आम्ही जोर कमी करून दिला. रिपोर्ट लिहायला घेतला तेव्हा साहेब जवळ आले आणि हळूच म्हणाले, “त्यात गाय होती असं लिहा.”

*

एका सरकारी ऑफिसच्या गेटवर आम्ही बॅरियर लावला. गाडी आली की दांडा वर, गेली की खाली. उद्‌घाटनाला नारळ फुटला, पेढे वाटले गेले.

महिन्याभराने कंप्लेंट: दांडा खाली येत नाही.

युसुफभाईंनी पेटी उघडली. मोटर ठणठणीत. मग त्यांनी वर बघितलं. दांडा नायलॉनच्या दोरीने बाजूच्या खांबाला बांधलेला होता, आणि गाठ चांगली घट्ट होती.

“ये किसने बाँधा?”

“साहब की गाड़ी को रुकना पड़ता था,” गार्ड म्हणाला. “दो सेकंड. अच्छा नहीं लगता.”

“तो कंप्लेंट किसने की?”

“साहब ने.”

आम्ही दोरी सोडली. संध्याकाळी तिथूनच फोन आला की तुम्ही बिघाड करून गेलात, दांडा सारखा खाली येतो. युसुफभाई परत गेले आणि आपल्या हाताने दोरी बांधून आले. त्या मोटरचं मेन्टेनन्स आमच्याकडेच आहे. दर तीन महिन्यांनी आम्ही जाऊन गाठ बघून येतो.

*

खरेसरांना एका प्रायव्हेट इंजिनिअरिंग कॉलेजात ‘एक्स्पर्ट’ म्हणून बोलावलं होतं. त्यांच्याबरोबर आम्ही दोघंही गेलो.

लॅबमध्ये हवेच्या दाबावर चालणाऱ्या सिलिंडरांचा एक सुरेख बोर्ड होता. काचेच्या कपाटात, प्लॅस्टिकसकट. सरांनी तो चालवून दाखवू का विचारलं तर विभागप्रमुख दचकले. “नको, नको. पुढच्या महिन्यात इन्स्पेक्शन आहे. वापरलेला दिसेल.”

खरेसरांचा चेहरा पडला. युसुफभाई बाहेर गेले आणि समोरच्या मेडिकलमधून दोन सिरिंजा घेऊन आले, एक बारीक, एक जाड. बॅगेतल्या बारीक नळीने त्यांनी त्या जोडल्या आणि आत पाणी भरलं. जाड सिरिंजच्या दट्ट्यावर फळी ठेवून तिच्यावर कॉलेजची तीन जाडजूड पुस्तकं रचली. मग पुढच्या बाकावरच्या मुलीला म्हणाले, “बेटा, पतली वाली दबाओ. एक उँगली से.”

तिने बरंच आत दाबलं. पुस्तकं थोडीशीच वर आली, पण आली. मागच्या बाकावरची पोरं उठून पुढे आली. “सरकना ज़्यादा, उठना कम, लेकिन ताकत कई गुना,” युसुफभाई म्हणाले. “जेसीबी भी यही करता है, बस पानी की जगह तेल.”

अर्धा तास पोरं हलली नाहीत. शेवटी विभागप्रमुख आभार मानायला उभे राहिले आणि विद्यार्थ्यांना म्हणाले, “छान होतं. पण लक्षात ठेवा, सिरिंज सिलॅबसमध्ये नाही.”

*

आमच्या इथल्या एका मराठी मंडळाने नवा हॉल बांधला. बराचसा खर्च एका जुन्या देणगीदाराने केला, आणि अध्यक्षांचं त्यांच्याशी अजिबात पटत नव्हतं. कोनशिलेवर वर कार्यकारिणीची नावं होती, तळाला मोठ्या अक्षरांत देणगीदाराचं. तिच्यावर मोटरचा पडदा, वरून खाली सरकत उघडणारा. एकदा बटण दाबलं की सुरू, परत दाबलं की बंद.

प्रमुख पाहुण्यांच्या हाताला हात लावून अध्यक्षांनी बटण दाबलं. पडदा सुरू झाला. कार्यकारिणी दिसली. टाळ्या पडल्या. अध्यक्षांचा अंगठा पुन्हा बटणावर टेकला आणि पडदा अर्ध्यावर थांबला. फोटोग्राफरने तेवढ्यात फोटो काढले. देणगीदार पहिल्या रांगेत हात जोडून उभे होते, ते तसेच खाली बसले.

मी धावत पुढे गेले तर अध्यक्ष म्हणाले, “राहू द्या आता. मशीन आहे, चालायचंच.”

आदल्या दिवशी ते मुद्दाम आमच्या ऑफिसात आले होते. पडदा मध्येच थांबवायचा झाला तर काय करायचं, हे त्यांनी मला दोनदा विचारून घेतलं होतं.

*

देवास गेटजवळ ताराबाई म्हणून एक रिटायर्ड मास्तरीणबाई राहतात. अर्धांगाने त्यांची उजवी बाजू गेली. डावा हात चालतो, बोलणंही स्वच्छ आहे, पण त्या फारशा बोलत नाहीत. मुलाने, नंदूभाऊंनी, त्यांच्यासाठी मोटरचा पलंग घेतला. बटण दाबलं की पाठ उचलली जाते, माणूस बसता होतो. बरोबर दोन रिमोट आले होते. एक भिंतीवर खिळ्याला टांगलेला, दुसरा पहिल्याच आठवड्यात हरवला.

नंदूभाऊंची कंप्लेंट विचित्र होती. पलंग आपोआप खाली जातो. रोज नाही, वकीलसाहेब आले की.

“घर माझ्या नावावर करायचे कागद आहेत,” त्यांनी सांगितलं. “आईला बसतं केलं, पेन पुढे केलं की पलंग सपाट. मग तिचा डोळा लागतो. चार वेळा झालं. ही मोटरच बदलून टाका.”

आम्ही गेलो तेव्हा वकीलसाहेब बसलेलेच होते. नंदूभाऊंनी भिंतीवरचा रिमोट घेऊन आईला बसवलं आणि रिमोट परत टांगला. कागद पुढे केले. पलंग हळूहळू खाली गेला. ताराबाईंनी डोळे मिटले.

“बघितलंत?” नंदूभाऊ म्हणाले. वकीलसाहेबांनी कागद आवरले, आणि नंदूभाऊ त्यांना पोचवायला खाली गेले.

युसुफभाई पलंगाखाली शिरले. मोटर बघितली, वायर बघितली. मी उशाशी उभी होते. ताराबाईंनी डोळे उघडले, दाराकडे पाहिलं आणि डाव्या हाताने पांघरुणाखालून दुसरा रिमोट काढला.

“हल्ली दोन-तीनदा दाबावं लागतं,” त्या म्हणाल्या. “सेल संपत आले असतील. आहेत का गं तुझ्याकडे?”

माझ्याकडे नव्हते. युसुफभाईंनी पलंगाखालूनच आपल्या टॉर्चचे दोन सेल काढून वर दिले. मी ते घातले. रिमोट पांघरुणात गेला, डोळे मिटले.

नंदूभाऊ जिना चढून आले. “सापडला का बिघाड?”

“मिल गया,” युसुफभाई बॅग आवरत म्हणाले. “ठीक भी कर दिया. अब एक ही बार में चलेगा.”

“बढ़िया,” नंदूभाऊ म्हणाले, आणि त्यांनी आमच्या रिपोर्टवर लगेच सही केली.