वेणूंनी पुढे केलेला हात

नाही हो डॉक्टरीणबाई, दत्तक-बित्तक काही घेतलेलं नाही. वेणू माझ्याकडे मागच्या खोलीत भाड्यानं राहायचे, एवढंच खरं आहे. बाकीचं मंडळातल्या बायकांनी भाजी निवडता निवडता वाढवलेलं. आणि मराठी येतं का म्हणाल, तर 'काकू', 'बास' आणि 'खरंच बास' एवढं येतं. माझ्या घरात जेवायला तेवढं लागतंच.

आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्ष डॉक्टर शुभदा कर्णिक यांनी विचारलं म्हणून हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "काकू, हेच लिहून द्या. गौरव अंकात पहिला लेख तुमचा." मी सातवी पास, तीही कराडकडच्या आमच्या गावच्या शाळेत. म्हटलं, गौरव साठीला करतात, पंच्याहत्तरीला करतात, आणि ह्यांना तर आत्ता पस्तिशी लागली. त्या म्हणाल्या, "फुटबॉलवाल्यांची पस्तिशी म्हणजे आपली पंच्याहत्तरीच, काकू. गुडघे तरी तसेच असतात."

तर लू वेनहाई या चिनी खेळाडूंनी यंदा खेळणं थांबवलं, आणि पुढच्या महिन्यात ते ग्लासगो सोडून आपल्या देशी चाललेत. मंडळाच्या सेक्रेटरींनी मला बजावलंय, आदरानं लिहायचं, सगळीकडे 'ते' म्हणायचं. म्हणते. घरात मात्र मी 'अरे वेणू, ओला टॉवेल उचल' असंच म्हणत आले. वेनहाई माझ्या तोंडात बसेना, म्हणून वेणू केलं. त्यांनी चालवून घेतलं.

पहिली भेट जिन्यात झाली. आमचे हे बसच्या डेपोत मेकॅनिक होते. ते गेल्यावर आणि मुलगा नोकरीसाठी लंडनजवळ क्रॉयडनला गेल्यावर घर खायला उठायचं. शेजारणीनं सांगितलं की नदीपलीकडच्या फुटबॉल क्लबला परदेशी खेळाडूंसाठी घरगुती खोल्या हव्या असतात. मी हो म्हटलं. क्लबच्या बाई एका संध्याकाळी त्यांना घेऊन आल्या. बाहेर पाऊस, म्हणजे ग्लासगोचा नेहमीचा, आडवा. बाई बुटांसकट सरळ माझ्या बैठकीत आल्या. मागं वळून बघते, तर हे उंच गृहस्थ दाराबाहेरच थांबलेले, बूट हातात, नुसत्या मोज्यांवर त्या गार दगडी जिन्यात उभे. मला त्यांचं नाव अजून कळलं नव्हतं, पण खोली कुणाला द्यायची ते कळलं.

ते काय काम करतात हे समजायला मला वेळ लागला. पहिल्या मॅचहून आले तेव्हा मी माझ्या इंग्लिशमध्ये विचारलं, "वेणू, गोल कुणी केला?"

"मी नाही."

"मग तू काय करत होतास एवढा वेळ?"

ते जरा विचार करून म्हणाले, "आय गिव्ह."

मी मनात म्हटलं, छान, ह्यांनी पगार घ्यायचा आणि गोल दुसऱ्यांनी करायचा. मग एकदा मीच गेले बघायला, साडीवर आमच्या ह्यांचा जुना ओव्हरकोट घालून. तेव्हा दिसलं. मैदानाच्या मधोमध उभं राहायचं, मागच्यांनी दिलेलं घ्यायचं, आणि पुढं कुणाचं पान रिकामं आहे ते बघून तिथं नेऊन वाढायचं. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत असा एक वाढपी असतो. त्याचं नाव कुणाला आठवत नाही, पण तो आला नाही तर पंगत कोलमडते. लू वेनहाई यांनी सात-आठ वर्षं ही पंगत सांभाळली. पेपरात फोटो यायचा दुसऱ्याचा. ते मला तो फोटो दाखवायचे, ह्याला मी बॉल दिला म्हणून, आणि खूश असायचे.

आता त्यांच्या स्वभावाचं सांगते, आणि ते सांगायचं तर दह्याची गोष्ट टाळता येत नाही.

आपल्यात कामाला निघालेल्या माणसाच्या तळहातावर दही-साखर ठेवतात, हे तुम्हाला सांगायला नको. घरच्या मैदानावरच्या पहिल्या मॅचच्या दिवशी ते निघाले, तशी मी चमचाभर दही-साखर घेऊन दारात उभी राहिले. त्यांनी आधी चमच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी हातानं खूण केली. त्यांनी उजवा हात पुढे केला, खाल्लं, मान लववली आणि गेले. पुढच्या घरच्या मॅचला न सांगता हात पुढे.

त्या वर्षी क्लबनं त्यांना एकाच सीझनसाठी घेतलेलं होतं. बाहेरच्या देशातल्या माणसाला इथं खेळायचं परमिट टिकवायचं तर पुरेशा मॅच खेळलेल्या दिसाव्या लागतात, आणि वसंतात मॅनेजर ठरवणार होते, ठेवायचं की परत पाठवायचं. आणि नेमकं झालं असं, की बाहेरगावी हे फार सुंदर खेळायचे, आणि घरच्या मैदानावर अर्ध्या वेळातच पांढरे पडायचे, वाकून उभे राहायचे. मॅनेजर त्यांना बाहेर काढायचे. लोक म्हणू लागले, चिनी माणूस घरच्या गर्दीला घाबरतो. शेजारचा म्हातारा मला जिन्यात म्हणाला, "तुमच्या पाहुण्यांना छातीच नाही." मी त्याच्याशी महिनाभर बोलले नाही.

पण मला काळजी लागली. म्हटलं, शकुन कमी पडतोय. मी चमच्याची वाटी केली. तरी जमेना, तशी मोठी वाटी केली. घट्ट, मलईच्या दुधाचं, रात्री मीच विरजलेलं. ते निमूट खायचे, मान लववायचे आणि जायचे. बाहेरगावच्या मॅचला टीम आदल्या दिवशी ट्रेनिंगवरूनच परस्पर निघायची, तेव्हा दही राहून जायचं. मला त्याचीच हळहळ.

संक्रांतीच्या सुमारास एका शनिवारी शुभदाबाई तिळगूळ द्यायला आल्या. मी दारात, माझ्या हातात वाटी, आणि समोर वेणू.

"काकू, हे काय?"

"आज घरची मॅच आहे. यश मिळावं म्हणून दही."

"एवढं? रोज देता?"

"रोज कशाला? घरच्या मॅचला. बाहेरगावी मी कुठं असते?"

शुभदाबाई इथल्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, डॉक्टर. त्या वाटीकडं बघत राहिल्या, मग वेणूंकडं वळून इंग्लिशमध्ये विचारलं, "तुम्हाला दूध पचतं का?"

वेणू बुटांच्या नाड्या बघू लागले.

"दूध प्यायल्यावर पोटात दुखतं? गॅस, कळा?"

"थोडं. प्रॉब्लेम नाही."

"अहो, मग सांगितलं का नाहीत कधी?"

ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "काकू दारात उभ्या असतात. खूप आनंदात असतात."

शुभदाबाईंनी माझ्या हातातली वाटी घेऊन टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "काकू, ह्यांच्याकडच्या बऱ्याच लोकांना दूध सोसत नाही, आणि एवढं दहीही. इतक्या महिन्यांत मॅनेजरला, क्लबच्या डॉक्टरला, कुणालाच कारण कळेना. कारण तुमच्या फ्रीजमध्ये होतं."

एका माणसाची नोकरी, त्याचं परमिट, त्याचं नाव, सगळं माझ्या वाटीत बुडत होतं, आणि तो माणूस मला वाईट वाटू नये म्हणून गप्प होता. मी म्हटलं, "जा वेणू. आजपासून काही नाही. तसाच जा."

ते गेले नाहीत. खाली क्लबची गाडी हॉर्न वाजवत होती. ते उंबऱ्यापाशी उभे, आणि उजवा हात पुढे.

"नको म्हटलं ना."

"शुगर," ते म्हणाले.

मी डब्यातून चिमूटभर साखर घेतली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी खाल्ली, मान लववली, आणि जिना उतरले. त्या दिवशी ते शेवटच्या शिट्टीपर्यंत मैदानावर होते. वसंतात मॅनेजरांनी त्यांना ठेवून घेतलं. शेजारच्या म्हाताऱ्याशी मी बोलायला लागले, पण आधी त्याला दोन शब्द ऐकवले.

त्यांच्या सगळ्याच गोष्टी अशा गोड झाल्या नाहीत. त्यांचा देश पहिल्यांदा वर्ल्डकपला गेला, आणि वेणूंचा गुडघा त्याच्या आधीच दुखावला. सकाळी माझ्या बैठकीत टीव्हीसमोर पाय स्टुलावर ठेवून बसले होते. राष्ट्रगीत लागलं तसे उठले. कुबडी घेतली नाही. एका पायावर, टेबलाला न धरता, पूर्ण गाणं संपेपर्यंत उभे राहिले. मी चहा घेऊन आले होते, मीपण तशीच थांबले. मॅच हरले. ते म्हणाले, "मधले चांगलं देत होते," आणि कॉलिंग कार्ड घेऊन आईला फोन करायला गेले. बंद दाराआडून त्यांचा आवाज हसरा येत होता. तोंड तसं नसणार, हे मला माहीत होतं.

गुडघा बरा होईपर्यंतच्या रविवारी त्यांनी मंडळाच्या पोरांना आमच्या घरामागच्या गवतावर शिकवायला सुरुवात केली, ती आजवर चालू आहे. पोरांची मराठी आधीच अर्धी, त्यात ह्यांची भर. आमची एक पोरगी ओरडते, "लू सर, माझा बॉल दिली नाही तो!" आणि सरांना ते बरोबर कळतं. गोल करणाऱ्याचं कौतुक पोरांचे आईबाप करतात. सर मात्र ज्यानं बॉल दिला त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. गणपतीच्या जेवणात वाढायलाही तेच उभे असतात, आणि जेवायला बसतात सगळ्यांच्या शेवटी.

आता ते आपल्या गावी मुलांना शिकवणार म्हणतात. आईजवळ राहणार. लग्नही करावं, मी मुलगी बघून देते म्हटलं होतं, तर म्हणाले, "खरंच बास." त्यांना भरपूर आयुष्य मिळो, गुडघा थंडीत गप्प राहो, पोट कायम शांत राहो, आणि त्यांनी ज्यांना ज्यांना वाढलं त्यांतल्या कुणीतरी एक दिवस त्यांनाही आग्रहानं वाढावं, एवढंच मागते.

लेख इथं संपवणार होते. पण पहिला लेख माझा आहे, आणि तुम्ही सगळे वाचणार आहात, तर राहिलेलं सांगून टाकते. त्या शनिवारी शुभदाबाईंना मी म्हणाले की दही वेणूंच्या यशासाठी देत होते. ते खरं नव्हतं. आमच्या ह्यांच्या पश्चात माझ्या मुलाचा इंटरव्ह्यू होता. मी दह्याची वाटी घेऊन पुढे झाले, तर सुनेच्या आईनं "राहू द्या, मी देते" म्हणून ती माझ्या हातातून हळूच काढून घेतली. मुलानं हात पुढे केला, तिच्यापुढे. कुणी वाईट बोललं नाही. मंडळातही कुणी कधी वाईट बोललं नाही. तुम्ही सगळे फार चांगले वागता, फक्त शुभकार्याला ताट दुसरीच्या हातात देता. विधवेच्या हातचा शकुन घेत नाहीत, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. वेणूंना ठाऊक नव्हतं.

मॅच जिंकली काय, हरली काय, मला काडीचा फरक पडत नव्हता. माझ्यापुढे कुणीतरी हात करावा, एवढंच मला हवं होतं.