लाभ, दोन, तीन

चन्नवीर अक्कलकोटहून वऱ्हाड घेऊन सोलापुरात आला, तो परत गेलाच नाही. बाळीवेशीत सासऱ्यांच्या, म्हणजे शंकरप्पांच्या, धान्याच्या दुकानात बसला. संध्याकाळी सहा ते सात एवढीच त्याला सुटी. त्या तासात तो आमच्या वाचनालयात येऊन लिहायचा.

मुंबईहून दरमहा एक रहस्यमाला यायची. तिच्यातल्या गुप्तहेराला आम्ही नुसतं 'साहेब' म्हणायचो. महिनाभर दम निघत नाही म्हणून चन्नवीर साहेबाच्या नव्या कथा स्वतःच रचायचा आणि त्यात एक पात्र आपल्या पदरचं घालायचा. चौऱ्याहत्तरच्या दिवाळीला वाचनालयाचं हस्तलिखित निघणार होतं. त्यासाठी त्याची कथा तपासायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्या खर्ड्यात साहेबाचा मदतनीस होता बसवराज. उंच, गोरा, नेम अचूक. साहेबाचे बूट घालून होईपर्यंत याने खुनी पकडलेला.

"मग साहेबाला कशाला ठेवलंय?" मी म्हटलं. "पेन्शन दे की त्याला."

"जरा हुशार आहे तो, एवढंच."

"आणि ह्या हुशाराला सारखं पोत्यांच्या गोदामातच का कोंडतात रे?"

चन्नवीरचे कान लाल झाले. मला चेष्टा सुचत होती, त्याचा जीव टांगणीला होता. सासऱ्यांनी बजावून ठेवलं होतं, "लिही काय लिहायचं ते. आमचं घर, आमचं दुकान त्यात दिसलं की वाचनालय बंद." आणि प्रकाशनाला अध्यक्ष कोण, तर शंकरप्पाच. वाचनालयाची दोन बाकं त्यांनी दिलेली. कथा त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचायची होती.

मग बसवराजला दुसऱ्याच पानावर मारलं. साहेबाला फारसं वाईट वाटलं नाही. त्याच्या जागी आली केराबाई, सांगोल्याची नर्स. चन्नवीरला तिखट सोसत नाही, ही हिरवी मिरची भाकरीशी कचाकचा खायची. तो मान खाली घालून बोलायचा, ही फौजदाराला म्हणायची, "बस खाली." मी वाक्य न् वाक्य ज्वारीसारखं निवडलं.

"मी सापडतो का कुठं?"

"नाही."

खरंच सापडत नव्हता. एकदा तो हरखून म्हणाला, "हिला गोदामात कोंडायचं होतं. आत जाईचना की ती."

प्रकाशनाच्या दिवशी तो बरा वाचत होता. शंकरप्पा मान डोलवत होते. शेवटी अंधारात चोर गोळ्या झाडतो. त्याच्या पिस्तुलात सहाच गोळ्या आहेत, म्हणून केराबाई भिंतीआडून मोजते.

"लाभ," चन्नवीरनं वाचलं, "दोन, तीन..."

मी डोळे मिटले. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, हे धान्याच्या दुकानात शिकवतात. नर्सला कोण शिकवणार? दहा वेळा वाचूनही मला ते खटकलं नव्हतं. आमच्या घरची ज्वारी त्याच दुकानातली ना.

शंकरप्पांनी हात वर केला. "काय म्हणाली ती बाई?"

"लाभ."

"गोळीला?"

"व्हय, मामा."

शंकरप्पा पोट हलेपर्यंत हसले. चन्नवीरनं वही मिटून छातीशी धरली. ते उठले, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि सभेला म्हणाले, "बघा की. गोळ्या सुटायल्यात, तरी लाभ सोडत नाही. दुकान रक्तात उतरलंय पोराच्या. लई दिवसांची काळजी मिटली." कनवटीची चावी काढून त्यांनी त्याच्या हातात ठेवली. "उद्यापासून संध्याकाळचं दुकान तुझं. मी आपला मठात जाऊन बसेन."

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

पुढच्या महिन्यात मी पिशवी घेऊन दुकानात गेलो. साडेसहा वाजले असतील. चन्नवीर गादीवर एकटाच.

"केराबाई काय म्हणते?"

"बाहेर उभी आहे," तो म्हणाला. "आत येत नाही."

त्यानं माप भरलं, माझ्याकडे बघितलं, आणि पिशवीत ओतता ओतता मुद्दाम म्हणाला, "एक."

दुकानात तिसरं कुणी नव्हतं. तरी त्याचा हात थांबला. त्यानं पिशवी उचलून ज्वारी परत पोत्यात ओतली, माप पुन्हा काठोकाठ भरलं आणि हळू आवाजात म्हणाला,

"लाभ."